तिसरी विहीर

काळुरामनं पोटाशी दगड कवटाळला, वर दोर धरून बसलेल्या भिवाकडं एकदा पाहिलं आणि स्वतःला विहिरीत सोडून दिलं.

ही काही पाणी शेंदायची विहीर नव्हे. कल्याणच्या खाडीवर नवा पूल होत होता, त्याच्या खांबाचा हा पाया. पात्रात दगडचुन्याचं एक पोकळ कडं बांधायचं आणि आतला गाळ उपसत राहायचं. गाळ निघेल तसं ते कडं आपल्याच वजनानं खाली उतरतं, वर आणखी बांधकाम चढवायचं, आणि असं करत करत ते कातळाला टेकलं की पाया झाला. अशा पाच विहिरी होत्या. चार गुमान जाऊन बसल्या. मधली, तिसरी, मात्र कातळाच्या चार हात वर अडली होती आणि आठवडा झाला तरी बोटभर सरकायला तयार नव्हती.

आणि वर घाई तर विचारू नका. फाल्गुनात सोळा देशांचे सायकलवाले शर्यत करत मुंबईहून नाशकाला जाणार होते, आणि ते याच पुलावरून जातील असं मुंबईत बसून कुणीतरी ठरवून टाकलं होतं. तोवर पूल पुरा होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग तोडगा निघाला : विहिरी बसल्या की त्यांच्यावर लाकडी खांब उभारायचे, फळ्या टाकायच्या आणि पाहुण्यांना पार करायचं. सोळा देश कुठले, हे भिवानं बोटांवर मोजून पाहिलं होतं. हिंदुस्थान, इंग्लंड आणि जपान झाल्यावर तो थांबला.

वीस हात खाली उजेड नसतोच. तिथं डोळे मिटलेले बरे. बघायचं ते बोटांनी. काळुरामनं कड्याच्या खालच्या काठाशी गाळ बाजूला सारला आणि बोटांना लाकूड लागलं. खोड असेल, त्याला वाटलं. पण खोडाला कडा नसते. ही फळी होती. तिला बिलगून दुसरी फळी, आणि दोघींच्या सांध्यात नख शिरायला जागा नव्हती. हात वर वर नेला तशा त्या फळ्या एकमेकींजवळ येत गेल्या आणि एका धारेला मिळाल्या. ती नावेची नाळ होती, तिचं पुढचं टोक. एवढी थोरली विहीर, तिचं ते डोंगराएवढं ओझं, एका बुडालेल्या नावेच्या नाळेवर टेकलं होतं, आणि नाव ते पेलून होती.

छाती फुटायला आली म्हणून तो वर आला, दम घेतला, कुणाशी न बोलता पुन्हा खाली गेला. या खेपेला त्यानं नाळेची आतली बाजू चाचपली. तांब्याच्या खिळ्यांची रांग लागली, एकेक खिळा सरळ ठोकलेला. आणि एक वाकडा. वाकलेला, मग आडवा ठोकून लाकडात निजवलेला.

तो खिळा काळुरामनंच ठोकला होता, सातव्या वर्षी. अंगणात बाप नाथा नाव बांधत होता, त्यानं पोराच्या हातात हातोडा दिला, घाव चुकला, खिळा वाकला. नाथानं तो उपटला नाही. आडवा ठोकला नि म्हणाला होता, "र्‍हाऊं दे. ही तुझी खून." पुढच्या वैशाखात दिवा गावच्या मिठागरातून मीठ भरून येताना नाथा वादळात सापडला. नंतर माणूस मिळाला नाही, नाव मिळाली नाही, एक फळीसुद्धा मिळाली नाही.

वर आला तेव्हा काळुरामचे ओठ निळे पडले होते. होडीतून प्रधानसाहेब आले होते. गोपीनाथ प्रधान, ठाण्याच्या नौपाड्यातले, पुलाचे इंजिनियर. सडपातळ माणूस, आवाज कधी चढवायचा नाही.

"काय लागलं काळुराम?"

काळुरामनं तोंडावरचं पाणी निपटलं. त्याच्या डोळ्यांपुढं त्या घटकेला विहीर नव्हती, आई होती. नाथा गेला तेव्हा भावकी बायजाच्या बांगड्या फोडायला आली होती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुटं हाय तो? दाखवा मना." दाखवायला कुणाकडं काही नव्हतं. त्या दिवसापासून एकतीस वर्षं बायजा रोज सकाळी कुंकू लावत होती. गावात लोक मागं कुजबुजत, हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर बायकांत खल होई. पण पुराव्याशिवाय तिच्या कपाळाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आणि आता पुरावा काळुरामच्या पायाखाली होता.

"खोड हाय सायेब," तो म्हणाला. "जुनं. आंब्याचं असंल."

"सुरुंग लावावा तर बांधकामाला तडा जाईल," प्रधान स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग म्हणाले, "मुंबईच्या गोदीत टोपवाला पाणबुड्या आहे. लोखंडी टोप घालून तास तास खाली राहतो. तीन दिवसांत कापून काढील. तार करू त्याला?"

टोपवाला दिवा घेऊन उतरला असता आणि त्याला सगळं दिसलं असतं.

"नको. पाच दिसांत मीच मोकली करतो."

प्रधानांनी त्याच्याकडं पाहिलं. चारही विहिरी बसवताना खाली हात होता तो काळुरामचा.

"बरं. तुझ्या शब्दावर राहतो मी. एकवीस दिवस उरलेत, वर लाकूडकामालाच बारा लागतील, एवढं ध्यानात ठेव."

भिवाला सांगणं भाग होतं. तो चुलतभाऊ, शिवाय दोर त्याच्याच हातात. ऐकल्यावर त्यानं विडी विझवली आणि विहिरीतल्या काळ्या पाण्याकडं पाहिलं.

"काका खाली हाय?"

"नाव हाय. काका म्हाईत नाय."

ओहोटी लागली की काळुराम करवत घेऊन उतरायचा. एका दमात दहा-बारा ओढी व्हायच्या, की वर. पुन्हा दम, पुन्हा दहा ओढी. कापलेली फळी गाळाच्या बादलीआड बांधून भिवा वर ओढायचा आणि काठावरून दिसणार नाही अशा बाजूनं खाडीत सोडून द्यायचा. उधाणाची ओहोटी हत्तीलाही दर्यात नेईल, फळीची काय कथा, असा दोघांचा हिशेब. एकतीस वर्षं पाणी प्यालेलं लाकूड तरंगत नाही, तळातळानं सरकत जातं, हे काही दोघांच्याही मनात आलं नाही.

सगळ्यांत वाईट करवत नव्हती. वाईट होतं ते चाचपणं. दर खेपेला हात गाळात घालताना काळुरामला वाटायचं, आता लागेल. एकदा काहीतरी गोल हाताला लागलं आणि तो तिथंच तोंड उघडणार होता. मीठ मोजायचं लाकडी माप निघालं. ते रिकामं होतं. नावेतलं मीठ केव्हाच पाण्यात मिळून गेलं होतं.

पण भीतीच्या आत दुसरंही काही होतं. बाप चालताना कसा दिसे, हे त्याला आठवत नव्हतं. आता मात्र एकेक सांधा कापताना बापाचा हात त्याला कळत होता. कुठं घाई नाही, कुठं चुकवाचुकवी नाही. जिथं कुणाची नजर कधी जाणार नव्हती तिथलीही फळी आरशासारखी तासलेली. असा माणूस आपला बाप होता, या विचारानं पाण्यातसुद्धा त्याच्या अंगावर काटा यायचा. आणि तेच आपण करवतीनं कापतोय, याची लाजही वाटायची.

पाच दिवसांचे आठ झाले. काठावरचे गवंडी टोमणे मारू लागले, काळुरामला पाण्यात झोप लागते म्हणाले. एक ना दोन, शंभर तोंडं. प्रधान रागावले नाहीत. संध्याकाळी काठावर यायचे, छत्री टेकून उभे राहायचे. एकदा एवढंच म्हणाले, "मी मुंबईला रोज 'उद्या' म्हणून कळवतोय रे." त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी दुपारी नाळेचा शेवटचा तुकडा सुटला. काळुराम वर आला, कड्यावर पालथा पडला, आणि तेवढ्यात त्याच्या पोटाखालचा दगड हलला. आधी आवाज आला, खोल कुठून तरी, म्हाताऱ्या माणसानं कण्हावं तसा. मग अख्खी विहीर खाली निघाली. भिवानं दोर टाकून दोन्ही हातांनी कडं धरलं. काठावरच्या दीडशे माणसांची कामं थांबली, कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली. सावकाश, सरळ, कुठंही न कलता ती चार हात उतरली, कातळाला टेकली, आणि तिच्या भोवतीचं पाणी एकदा वर येऊन निवळलं. काळुरामला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. भिजलेल्या माणसाचं रडू कुणाला दिसत नाही.

प्रधान होडीतून आले. हातात तार होती. शर्यत भिवंडीच्या वाटेनं वळवली होती, सकाळीच.

म्हणजे वरातीमागून घोडं. प्रधानांनी तारेची घडी खिशात घातली आणि विहिरीवरून एकदा हात फिरवला.

"सोळा देश आपल्या पुलावरून जायचे होते," ते म्हणाले. मग म्हणाले, "बसली मात्र सुरेख. जा, आज घरी जा लवकर."

काळुरामचं घर खाडीच्या खालच्या अंगाला, ठाकुर्लीकडच्या वळणावर. बायको रतन पोरांना घेऊन भावाच्या लग्नाला माहेरी गेलेली, घरात मायलेकंच होती. गेले बारा दिवस तो उजाडायच्या आत निघत होता आणि दिवेलागणीनंतर परतत होता. आज पहिल्यांदा ऊन असताना तो आला. दारात आई दिसली नाही. पाण्याचा आवाज आला म्हणून तो घरामागं गेला.

बायजा उकिडवी बसून तांब्यानं एका फळीवर गोडं पाणी ओतत होती आणि नारळाच्या सोडणानं गाळ घासत होती. तिच्या मागं, माडाच्या झावळ्यांखाली, बाकीच्या फळ्या रचलेल्या होत्या. खाली दगड, दोन फळ्यांमध्ये वारा जायला फट. वरच्या काळ्या ओल्या होत्या, खालच्या वाळून करड्या पडल्या होत्या.

"लवकर आलास," ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

काळुरामनं एका वाळलेल्या फळीवर हात ठेवला. त्यानं विचारलं, "कवापासून?"

"पयली मागल्या आठवड्यात, मंगलवारी घावली. वलनावर चिखलात शिवल्यांचे शिंपले काढाला गेलेले, पायाला लागली." तिनं तांब्या पुन्हा भरला. "बांदली तवा वीस दिस तेल चोललंय मी हिला. मना वलखाची नाय?"

मंगळवार. म्हणजे काम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. काळुरामनं तिच्या कपाळाकडं पाहिलं. कुंकू होतं, आज सकाळी लावलेलं, नेहमीसारखं ठसठशीत. त्यानंतर आजपर्यंत दहा सकाळी झाल्या होत्या, आणि ती दहाही सकाळी सगळं माहीत असून आरशापुढं बसली होती. त्याला आजवर वाटत होतं, ते कुंकू पुराव्याअभावी टिकलंय. त्याला आईची भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी. तो हळूच खाली बसला.

"बाबा नव्हता तितं," तो म्हणाला. "मी सगला चिखल चाचपला."

बायजाचा हात फळीवर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"अजून किती रायल्यान?"

"संपल्या. विहीर बसली."

"मंग होनार सायबाची शर्यत."

"नाय. भिवंडीवरनं वलवली. उशीर झाला." आणि मग त्याच्यानं राहवेना. "मुंबयचा पानबुड्या तीन दिसांत काढनार होता. मीच नको बोललो. झाड हाय म्हनून सांगितलं."

आता तिनं वर पाहिलं. त्याला वाटलं, ती जवळ घेईल किंवा रागावेल. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही.

"सांजच्याला सायबाकरं जा," ती म्हणाली. "झाड नव्हतं म्हनून सांग."

"मंग गावाला कलंल. लोकं तुझ्या कपालाकरं बगून बोलतील."

"एकतीस वरसं बोलतानच." ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि फळीखाली बोटं घातली. "धर तं टोक."

काळुरामनं दुसरं टोक धरलं. फळीत अजून पाणी होतं, दोघांनी मिळून उचलली तरी ती जड गेली.