भरारीचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत ‘भ’ माझ्या वाट्याला आला आणि ‘भरारी’पाशी घोडं अडलं. दाखल्यांना तोटा नव्हता. बाजारभावांची भरारी, स्वप्नांची भरारी, एवढंच काय, कॉपी पकडणारं भरारी पथकही आमच्या खोक्यात बसलं होतं. पण मूळ अर्थाचं कार्ड तीनदा परत आलं. आमचे संपादक इतकं खोडतात, की आम्ही त्यांना खोडरबर म्हणतो. ‘पंख न हलवता, विनासायास उंच जाणे,’ असं मी लिहिलं होतं. त्यांनी ‘विनासायास’खाली रेघ मारून विचारलं होतं, ‘कशावरून?’

घरी येऊन मी बाबांपुढे तणतणले. बाबा तीस वर्षं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकवतात. त्यांच्या परवान्याची मुदत रविवारी संपत होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढची सही द्यायला साफ नकार दिला होता. बाबांनी एकच गोष्ट मागितली होती. रविवारी मी त्यांच्याबरोबर वर यायचं.

लहानपणापासून मी हे टाळत आले होते. कधी परीक्षा, कधी सर्दी, कधी नुसतंच डोकं दुखणं. खरं सांगायचं तर मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतही कठडा सोडत नाही.

“तुमच्या खोडरबरला मी उत्तर देतो,” बाबा म्हणाले. “पण वर गेल्यावर.”

“बाबा, हे ब्लॅकमेल आहे.”

“आहेच मुळी.”

रविवारी दुपारी त्यांनी ग्लायडरच्या काचेवर लाल लोकरीचा धागा चिकटवला, आईच्या टोपलीतून न विचारता आणलेला. तो वाऱ्यात सरळ राहिला की विमान नीट चाललंय, एवढं साधं. मी पुढे बसले, बाबा मागे. त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसणार नव्हता. आम्हाला वर ओढणारा दोर ताणला गेला, जमीन एकदम खाली सरली आणि मी जीव मुठीत धरून डोळे मिटले. मग खट् झालं. दोर सुटला होता.

डोळे उघडले तेव्हा सगळं शांत होतं. काचेवरून हवा हळू सुसकारत होती. खाली शेतं, छपरं, एक वळलेली नदी, आणि कुणाला कसलीच घाई नव्हती. आमच्या समोरच एक घार आमच्यासारखीच गोल फिरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, असं मला अजूनही वाटतं. भीती कुठे गेली कळलंच नाही.

“बाबा, आपण वर चाललोय!”

“आपण पडतोच आहोत गं,” मागून आवाज आला. “सारखे पडतोय. खालची हवा आपल्या पडण्याहून जोरात वर चढतेय, म्हणून. ती हवा शोधत राहायची, सापडली की सोडायची नाही. घारसुद्धा तेच करतेय. विनासायास काही नाही.”

लाल धागा सरळ होता. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

“अजून एक फेरी घेऊ या ना,” मी म्हणाले. मी! आईला हे खरं वाटलं नसतं.

धागा सरळच राहिला.

“नको,” ते म्हणाले. “सावल्या लांबल्या की मला जमीन नीट दिसत नाही. आत्ता उतरलो तर तुला अलगद उतरवीन.”

मागे नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. घार वरच राहिली आणि आम्ही ती हवा सोडून दिली. चाक गवताला लागलं ते मला कळलंही नाही.

सोमवारी मी चौथं कार्ड लिहिलं. ‘सतत पडत असतानाही वर चढणारी हवा शोधून उंच जाणे.’ खाली दाखला : ‘आपण पडतोच आहोत गं.’ त्याखाली : ‘बाबा, ग्लायडरच्या मागच्या सीटवरून, रविवारी.’

खोडरबरांनी कार्ड दोनदा वाचलं. “पुन्हा जाणार आहेत ते?”

“नाही. शेवटचं होतं.”

त्यांनी रबर उचललं, फक्त ‘रविवारी’ खोडलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

“पूर्ण तारीख घाला,” ते म्हणाले.