शिडीवाल्याची गिटार

“अरे, तिला पोटच नाही!”

दाजी दुकानाच्या दारातूनच बोलत आत आले. मी एका जळक्या पंख्यात डोकं घालून बसलो होतो, त्यामुळे मला वाटलं, पंख्याबद्दलच काहीतरी असेल.

“कुणाला पोट नाही?”

“गिटारला रे. विजेवर चालते ती. सभागृहात शिडी पोचवायला गेलो होतो, तिथं पोरं तालीम करत होती. एकाची हातात घेतली, ठोकून पाहिली. नुसती भरीव फळी! मी म्हटलं, बाबा रे, पोट नाही तर आवाज येतो कुठून? तर म्हणाला, तारांखाली चुंबक असतं आणि चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चोरी पकडलीय. “आता बोल, हे काम कुणाचं?”

काम माझंच होतं. जळलेले पंखे आणि पंप उघडायचे, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, यातच माझा जन्म गेला. दाजींचा गेला लाकडी शिड्या करण्यात. अॅल्युमिनियमच्या शिड्या आल्यापासून त्यांच्याकडे गिऱ्हाईक क्वचितच फिरकतं, पण सगळे त्यांना अजून शिडीवालेच म्हणतात.

“आणि तिला एक बटण असतं,” दाजी पुढे म्हणाले. “फिरवलं की आवाज वाढतो. हवा तेवढा वाढतो. त्या पोरानं फिरवलं तर खिडकीची काच थरथरली.” मग ते माझ्याकडे बघायचं सोडून पंख्याच्या पात्यांकडे बघायला लागले. “तुझ्या ताईला येईल ना रे ऐकू?”

मी पेचकस खाली ठेवला. मी म्हटलं, “करून बघू की.”

ताईचं ऐकणं तिची धाकटी मुलगी झाल्यानंतर हळूहळू गेलं. डॉक्टर म्हणाले, कानातलं एक बारीक हाड आखडलंय. कानात घालायचं यंत्र आणलं, तर तिला सगळं जग पत्र्याच्या डब्यात बसून बोलतंय असं वाटायला लागलं. आमच्या समाधानासाठी ती चार दिवस “छान आहे” म्हणाली आणि मग यंत्र कपाटात गेलं. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात म्हणे. ताईचं उलटं झालं, तिचा आवाज बारीक होत गेला. जेवताना म्हणायची, “गंमत बघा, माझं चावणं मला ढोल वाजल्यासारखं ऐकू येतं. तुमचं बोलणं तेवढं येत नाही.” आम्ही हसायचो आणि पुढचा घास घ्यायचो.

खरं तर ही ताई म्हणजे आमच्या घरातला सुरांचा पोलीस. कुणी जरा बेसूर झालं की “थांबा,” एवढंच म्हणायची. पाहुण्यांनाही सोडायची नाही. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी मला तिनं सांगून ठेवलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” मी अजूनही नुसते ओठच हलवतो. ती स्वतः मात्र दिवसभर गायची, अगदी दाजींच्या फळीचं दुसरं टोक धरून उभी असतानासुद्धा. ते गाणं थांबल्यावर मी एकदा कागदावर लिहून विचारलं, गात का नाहीस? ती म्हणाली, “सूर धरायचा कुणाचा? बाहेरून काही येतच नाही रे. एकटीनं किती वेळ धरून ठेवायचा?”

तेव्हा तिला धरायला बाहेरून एक सूर मिळावा, एवढ्यासाठी दाजींनी हा घाट घातला होता. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. माझं तर सांगितलंच.

त्यांनी कोपऱ्यातली न विकलेली एक शिडी मोडली. तिचा उभा दांडा सरळ रेषांचा, एकही गाठ नसलेला आणि वर्षानुवर्षं उभ्या उभ्या वाळलेला. त्याची मान झाली. धड त्यांनी जुन्या कामाच्या टेबलाच्या फळीतून कापलं. ते ताईसमोर धरून खुणेनं विचारलं, कसं दिसतंय? ती म्हणाली, “पोळपाट बरा होईल.” मी कपाटाच्या दारातली चुंबकं काढली आणि त्यांच्याभोवती पंख्याची तार भरली. तारा आणि त्या पिळायच्या खुंट्या तेवढ्या विकत आणल्या.

राहिले पडदे. म्हणजे बोट कुठं दाबायचं ते ठरवणाऱ्या, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. दाजींनी त्या सायकलच्या स्पोकच्या केल्या आणि त्यांना पहिल्यापासून नाव पडलं पायऱ्या. तारेच्या बरोबर मध्यावर बारावी पायरी येते, एवढं त्या पोरानं सांगितलं होतं. दाजींनी मध्य काढला आणि तिथपर्यंतच्या लांबीचे बारा भाग केले. अगदी सारखे. मापाला केलेली कागदाची घडी प्रत्येक फटीत नेमकी बसेल इतके सारखे.

“त्या पोराच्या गिटारवर अंतरं कमीजास्त होती,” खाचा पाडताना ते म्हणाले. “सुरुवातीला ऐसपैस आणि पुढं सगळी दाटीवाटी. घाईत उरकलेलं काम. मी बोललो नाही काही, पोरगं गुणी होतं.”

मीही मान डोलावली. दाजींचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं होतं. शिडी चढणारा माणूस खाली बघत नाही, पाय आपोआप पुढची पायरी शोधतो, आणि ती बोटभर जरी सरकली तरी माणूस खाली येतो. त्यांच्या शिडीवरून आजवर कुणी पडलेलं नाही.

रविवारी दुपारी ताईला खुर्चीत बसवलं. मी जुन्या रेडिओतून आवाज वाढवणारा डबा तयार केला होता, त्याला स्पीकर जोडला, गिटारची वायर खुपसली आणि बटण दाबलं. घरभर मोठ्ठी घरघर सुरू झाली. दाजींनी तार छेडली. घरघरीच्या आत कुठंतरी मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. मी बटण फिरवत नेलं. घरघर वाढली, भांडी वाजायला लागली, पिल्लू होतं तिथंच राहिलं.

ताईनं जमिनीवर पाय जरा हलवून पाहिले. “ट्रक आला का दारात?”

दाजी छेडत राहिले. एक एक पायरी दाबत पार वरपर्यंत गेले. शेजारचे काका दारात येऊन कानांवर हात ठेवून उभे राहिले, तेव्हा मी डबा बंद केला. आमचे चेहरे बघून ताईला कळलं की वाजवून झालं.

“छान आहे,” ती म्हणाली.

ते “छान” कुठलं, हे दाजींना बरोबर कळलं. यंत्र कपाटात गेलं त्याच्या आधीचं ते “छान” होतं. त्यांनी वायर उपटली, गिटार टेबलावर ठेवली आणि टोपी काढून घाम पुसला. घाम फारसा आला नव्हता.

“चूक माझी आहे दाजी,” मी म्हटलं. “पंख्याची तार जाड पडली. याला केसासारखी बारीक तार लागत असणार, आणि कितीतरी जास्त वेढे. मी परत भरतो.”

“राहू दे. तारा काढून ठेवू. लाकूड चांगलंय, काहीतरी होईल त्याचं.”

ते खुंट्या सैल करायला बसले तर गिटार गोल गोल फिरायला लागली. ताई उठली. लग्न झाल्यापासून दाजींनी लाकडाला हात लावला की दुसरं टोक तिनंच धरलंय, सांगावं लागत नाही. तिनं धड दोन्ही हातांनी कवटाळलं आणि हलू नये म्हणून वर हनुवटी घट्ट टेकवली. दाजींनी खुंटी पिळली. त्यांचा अंगठा तारेला लागला. मला जेमतेम टिंग असं ऐकू आलं.

ताईनं झटकन डोकं वर केलं. इकडंतिकडं पाहिलं. मग पुन्हा हनुवटी लाकडावर ठेवली.

“काय केलंत?”

दाजींनी खुणेनं विचारलं, काय?

“आत्ता. काय वाजवलंत? परत वाजवा.”

त्यांनी तार छेडली. ताईनं हनुवटी उचलली, टेकवली, उचलली, टेकवली. बघणाऱ्याला वाटावं, बाई पाणी पिणाऱ्या चिमणीची नक्कल करतेय. “टेकवलं की येतं,” ती म्हणाली. “उचललं की जातं. अहो, आतून येतंय! दातांतून!” तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि ती ते पुसेना, कारण हात सोडले असते तर लाकूड हललं असतं. दाजींचं मला विचारू नका. मलाच नीट दिसत नव्हतं.

“वर जा,” ती म्हणाली. “सगळ्या वाजवा.”

दाजींनी पहिली पायरी दाबून तार छेडली, मग दुसरी, मग तिसरी.

“थांबा.”

किती वर्षांनी ऐकला तो शब्द! माझे तर ओठसुद्धा हलत नव्हते, तरी मी दचकलो.

“चुकलंय,” ताई म्हणाली. “सुरुवातीच्या पायऱ्या बुटक्या आहेत.” तिनं पुढच्याही वाजवून घेतल्या. “आणि वर जावं तशा उंच होत जातात. कुणी केल्यात या?”

आता मात्र दाजी चिडले. भरल्या डोळ्यांनी चिडलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. ते तिला ओठ वाचता येतील असं तोंड उघडून बोलले, “सगळ्या सारख्या आहेत! मोजून केल्यात!” आणि कागदाची घडी घेऊन प्रत्येक फटीत बसवून दाखवायला लागले.

ताईनं शांतपणे बघून घेतलं. “हाताला सारख्या आहेत,” ती म्हणाली. “कानाला नाहीत.”

तिला ऐकू येत होतं, एवढंच नाही, तिला चूक ऐकू येत होती. दाजींना हे कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी कागदाची घडी चुरगळली, पकड घेतली आणि जन्मात न केलेलं काम केलं. स्वतःच्या हातानं बसवलेल्या सारख्या पायऱ्या एक एक करून उपटल्या.

मग स्पोकचा एक तुकडा तारेखाली आडवा घालून ते सरकवत गेले आणि छेडत गेले. ताई हनुवटी टेकवून, डोळे मिटून सांगत होती. “पुढं. अजून. जरा मागं. थांबा.” थांबा म्हटलं की दाजी पेन्सिलीनं रेघ मारायचे. पहिली रेघ त्यांच्या जुन्या खाचेच्या बरीच पुढं गेली. पुढचं अंतर त्याहून कमी निघालं, त्याच्या पुढचं अजून कमी. रेघा जवळ जवळ यायला लागल्या.

“अशी शिडी केली तर माणूस मरेल,” दाजी पुटपुटत होते आणि रेघा मारत होते. बारावी रेघ जुन्या खाचेवर बरोबर बसली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान ताठ केली. “एक तर आली ना!”

“ते पोरगं घाईत नव्हतं म्हणायचं,” मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल मला फेकून मारली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जुन्या खाचा लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवल्या आणि नव्या पाडल्या. जुन्या खुणा अजून दिसतात. रंग देऊन त्या झाका, असं मी सुचवलं होतं, पण दाजी म्हणाले, असू देत. मी केसासारखी बारीक तारही आणून ठेवली होती. तिचं पुडकं उघडायची वेळ आली नाही. गिटारच्या कडेला वायर खुपसायचं भोक आहे, त्यात आता काही जात नाही.

परवा गेलो तेव्हा ताई खाटेवर गिटार मिठीत घेऊन बसली होती. हनुवटी लाकडावर. दाजी शेजारी बसून तिच्या सांगण्याप्रमाणे एकच तार छेडत होते. तोंड उघडलं तर हनुवटी हलते, म्हणून ती तोंड मिटूनच गात होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि गळा हलत होता. मी दारातच उभा राहिलो. डब्याला न जोडलेली तार ती कितीशी वाजणार, आणि ताईचा आवाज तर कधीच बारीक झालेला. दोन पावलांवर असून मला काही ऐकू येईना.

दाजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि वर बघितलं. मी हळूच हात लांब करून पंखा बंद केला.