व्हिएतनामची सावड

तोरण्यावरनं उतरलेलं माणूस लांबनं ओळखू येतं. पाय फाकलेले, त्वांड लाल, आन् पैला शब्द पाणी. मी वेल्ह्यात जीप लावून बसतोय त्याला तीस वर्सं झाली. पण त्या दिशी उतरलेली पोरगी तुरुतुरु चालत थेट माझ्याकडं आली, माझ्या नाकापुढं मोबाईल धरला, आन् मोबाईलमधली बाई शुद्ध मराठीत बोलली, "मला साहसी सहल, भाषेची शिकवणी आणि स्वयंसेवेची संधी कुठे मिळेल?"

आता असा प्रश्न आमच्या स्टँडवर इचारायचा नसतो. त्यात तो मला तर न्हाईच न्हाई.

"तिन्ही एकाच जागी मिळतील," म्या सांगितलं. "उत्रोलीला."

माझी पोरगी प्रेरणा भोरला कॉलेजात हाय, तिला फोन लावून दिला. दोघी इंग्रजीत बोलल्या. पोरीचं नाव लान. व्हिएतनामची, शहरात शाळेवर शिकवती, सुट्टी काढून एकटी हिंडायला निघालेली. ज्या देशात जाईल तिथं तीन कामं करायची असा तिचा नेम. एक धाडसाची सहल, थोडी तिथली भाषा, आन् कुणाच्या तरी उपयोगाचं काम. प्रेरणा मला म्हणली, "पप्पा, घेऊन या. पण काय उद्योग करू नका."

उद्योग म्या आधीच ठरवला व्हता.

उत्रोलीला माझी मावशी राहती, अक्काबाई. वय अडुसष्ट. आमच्याकडं भाताची आवणी सावडीवर चालती. म्हंजी आज पाच बाया माझ्या खाचरात रोपं लावणार, उद्या मी त्यांच्या. मजुरी न्हाई, दिसाला दिस फेडायचा. घरच्या माणसाचा दिस त्यात धरत न्हाईत. चाळीस वर्सं मावशी त्या सावडीत सगळ्यांच्या पुढं. पण औंदा सावडीची म्होरकी बनाबाई घरी आली आन् म्हणली, "अक्का, तुमी आता बसा. तुमची दोन खाचरं आमी लावून देतो. फेडायची काय गरज न्हाई."

चांगल्या मनानं म्हणली बिचारी. मावशीनं तिला चहा पाजला, वाटंला लावली, आन् मग मला फोन केला.

"सर्ज्या, फेडायची गरज न्हाई म्हणती. म्हंजी मी मेल्यात जमा."

"अगं, आराम कर म्हणत्यात."

"आराम तू कर. तुजा जन्म त्यातच गेला. मी फुकाटचं लावून घ्यायची न्हाई."

तरवा, म्हंजी लावायची रोपं, पिवळा पडाय लागला तरी ती हटंना. मी आन् वनिता, माझी बायको, येतो म्हणलं, तर म्हणली, घरची माणसं आली म्हंजी सावड झाली व्हय. तवा लानला बघून माझ्या डोस्क्यात दोन गोष्टी आल्या. एक, परदेशी बाई चिखलात सपशेल आडवी व्हणार, ती मज्जा. दोन, मावशीला परक्या घरचं माणूस मिळंल. खरं सांगतो, मज्जा पैली व्हती.

दुसऱ्या दिशी सकाळी मावशीच्या बांधावर पंधरा-वीस माणसं जमवली, प्रेरणा बी भोरवरनं आली. बनाबाईची टोळी तर कामाला निघालेली थांबवली. टोळीतल्या मायानं मोबाईल काढून तयार ठेवला.

"लई अवघड असतं," म्या लानला बजावलं. "पैल्या दिशी कुणालाच उभं ऱ्हाता येत न्हाई."

प्रेरणानं ते इंग्रजीत सांगितलं. लाननं गरीब तोंडानं मान डोलावली. पँट गुडघ्यावर गुंडाळली, रोपाची जुडी उचलली, चिखलात उतरली, वाकली, आन् मागं मागं सरकत अशी लावत सुटली की रेघ मारल्यासारखी ओळ. आमी टाळी वाजवायची का रडायचं ते कळंना.

"सर्जेराव," बनाबाई म्हणली, "ही पडणार कवा?"

"दम धरा की."

"आमाला कामं हायती."

प्रेरणानं लानला इचारलं. ती वाकल्या वाकल्या काय तरी बोलली. प्रेरणा हसाय लागली. "पप्पा, ती म्हणती, माझं अख्खं घर भातशेतीचं हाय. यांनी इचारलंच न्हाई."

माया ते सगळं मोबाईलवर घेत व्हती, फक्त मोबाईल आता माझ्याकडं फिरवला व्हता. गावाच्या ग्रुपवर अजून हाय.

मावशी मात्र पुढं आली. पदर खवला आन् लानच्या शेजारी उतरली. दोघी दोन दिस राबल्या. भाषेची शिकवणी बी तिथंच झाली. रोप, चिखल, बांध, सरक की गं, कंबार मोडली बया. लान दुपारी भाकरी खाताना सगळं वहीत लिवायची. बनाबाईला भेटल्यावर "टवळे, बरी हायस का" असं आदरानं इचारायचं, हे वहीतलं वाक्य माझं. बनाबाईनं तिला काय केलं न्हाई, मला मातर ढेकूळ फेकून मारलं.

दुसऱ्या दिशी सांजच्याला शेवटचं खाचर उरकलं. बनाबाईची टोळी घरी चालली व्हती, ती बांधावर थांबली.

"अक्का, झाली म्हणायची आवणी. आता हिची सावड कशी फेडणार? इमानानं जाणार का?"

"जाईल की," म्या म्हणलं. "मी सोडतो जीपनं, समुद्रापतोर."

सगळ्या हसल्या. मावशी हसली न्हाई. पायाचा चिखल धुतला आन् प्रेरणाला म्हणली, "हिला इचार, तुमच्यात कापणी कवा असती."

"सप्टेंबरात," उत्तर आलं.

"आपली दिवाळीच्या तोंडाला. मग जमतंय. सांग तिला, दोन दिस राबलीस, मी दोन दिस येते."

मला वाटलं लान हसून सोडून देईल. पण ती बांधावर खाली बसली. मग प्रेरणाशी लई वेळ बोलली. त्यांच्या डोंगरात बी असंच चालतं, दिसाला दिस. सहा वर्सं ती सोता कापणीला घरी गेली न्हाई. तुमी येणार असाल तर मला बी जावंच लागंल, असं म्हणली. आन् मावशीचा हात धरला.

हितनं पुढं गंमत माझ्या हातातनं सुटली.

मावशीचा ल्योक अजित पुण्यात असतो. त्याचा फोन आला. "दादा, काडी तू लावलीस. आता आईला तूच घेऊन जायचं."

"आरं, मी चेष्टा केली."

"तिनं न्हाई केली. पासपोर्टचे फोटो काढून बी आली ती."

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला. कागदं बघितली आन् इचारलं, "आजी, परदेशात कशापाई?"

"दोन दिस राबायचं ऱ्हायलंय."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. म्या म्हणलं, "फिरायला लिवा सायेब." त्यानं तसं लिवलं, पण जाताना चप्पल घालता घालता मावशीला म्हणला, "माझी आई बी हेच म्हणती. मला आता कामाला कोण बोलवंना झालंय, असं."

आता तिकडं जातोच हाय तर म्हणलं आपण बी कायतरी बघावं. मोबाईलवर शोधलं तर काय न्हाई ते निघालं. गुहेतली सहल, दोरीवरनं नदी पार करायची, आठ दिसांत भाषा शिका, आन् शेतावर येऊन स्वयंसेवा करा. त्या शेवटच्याला तर फी व्हती. मावशीला वाचून दावलं.

"राबायचं बी आपण आन् पैसं बी आपणच द्यायचं?"

"व्हय."

"मग बनाबाईला कळवू नगं. ती पाटी लावंल."

सप्टेंबरात गेलो. इमानात मावशी खिडकीपाशी बसली, मी डोळं मिटून. पुढं रातभर बस, मग डोंगर. आपल्या घाटात खाचरं असत्यात तशीच, पण एकावर एक पार ढगापतोर. लानचं घर लाकडाचं. लानची आई मावशीच्याच वयाची, ठेंगणी, दात तिकडच्या जुन्या रीतीनं काळे रंगवलेले. तिनं मावशीला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आन् सोता कापणीला निघाली. पाव्हणी हाय, बसू द्या, असं लानला म्हणली, ते लानच्या मोबाईलमधल्या बाईनं आमाला मराठीत सांगितलं.

मावशीचा चेहरा म्या बघितला. बनाबाईला चहा पाजताना झाला असंल अगदी तसा.

"सर्ज्या, हितं बी तेच," ती म्हणली. हजारो मैल येऊन माणूस खुर्चीवरच बसायचं म्हणल्यावर मला बी वाईट वाटलं. चेष्टा सुचंना. मी लानला हाक मारणार, तोवर मावशी उठली, बांधावरनं खाली उतरली, लानच्या आईच्या हातातला इळा काढून घेतला, आन् सपासप कापत सुटली. लानची आई कंबरंवर हात ठेवून बघत ऱ्हायली. दहा-बारा मुठी झाल्यावर ती मान हलवत घरात गेली आन् दुसरा इळा घेऊन आली.

दोघी दोन दिस काप काप कापल्या. एकमेकींचा एक शब्द कळत न्हवता, तरी दिसभर बडबड. लान मधी उभी ऱ्हाऊन सांगायला गेली तर दोघी तिला म्हणायच्या, तू काप. मी पेंढ्या वाहिल्या, दाणं झडायला लाकडाच्या डोणीत आपटल्या, आन् गुहेतली सहल राहून गेली.

तिसऱ्या दिशी आमी निघायचं. सकाळी बॅग भरून बघतो तर मावशी खाचरात.

"मावशे, दोनच दिस व्हते की. फिटली सावड."

"ठाव हाय मला."

"मग?"

"ह्यो माझा जादा. आता ती माझं एक दिस देणं लागती." इळा थांबला न्हाई. "नुसतं फेडून मोकळं झालं म्हंजी कुणाची आठवण ऱ्हाती का? तिला सांग, जुलैत माझी आवणी असती."

लाननं ते आईला सांगितलं. आई मोठ्यानं हसली आन् आपल्या भावजयीला हाक मारून काय तरी इचारलं. लान म्हणली, पासपोर्ट कुठं काढत्यात ते इचारती हाय.

उत्रोलीत आलो तवा लवकरचं हळवं भात कापायला आलं व्हतं. दुसऱ्याच दिशी बनाबाई मावशीच्या दारात. हातात इळा न्हाई, काय न्हाई, नुसती उभी.

"ती म्हातारी खरंच येणार का वं जुलैत?"

"येणार."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं. माझा दिस हाय तिच्यावर."

बनाबाईनं चौकटीला टेकून इचार केला. "मग आली म्हंजी दुसऱ्या दिशी माझ्याकडं धाडाल का?"

"सावडीत असलीस तर धाडीन."

"मग कापणीला माझ्याकडं पैलं तुमी या."

"कवा?"

"सोमवारी."

"सोमवारी न्हाई जमत," मावशी म्हणली. "मंगळवारी येते. भाकरी नगं करूस, मी आणीन. तुज्या खर्ड्यात मीठ जास्त असतं."

"असू दे," बनाबाई म्हणली, "सात वाजता या," आन् गेली. मावशी कोनाड्यातला इळा काढून कानशीनं घासाय बसली.