आठ घरं जास्त

ज्या फोनची मी तीस वर्षं वाट बघितली, तो आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो.

"केरबा, शशिधर बोलतोय. वळखलंस न्हवं?"

न ओळखायला काय झालं? ज्यानं पायाखालची शिडी काढून घेतली, त्याचा आवाज माणूस सरणावरसुद्धा ओळखेल. पण डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर ठेवून मी म्हणालो, "बोला अण्णा."

"माझा सत्कार ठरलाय. जीवनगौरव. पेपरात वाचलं असशील. शेवटी आपली ती जुनी चाल वाजवीन म्हणतोय. ड्रमवर तूच पायजेस बघ. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय."

शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. ते खरं का, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक ते मेला तरी कबूल करणार नव्हता.

"येतो की," मी म्हणालो आणि डबा तिथंच ठेवून घरी चालत आलो. माझ्या बायकोनं, आक्काताईनं विचारलं, "पीठ कुठाय?"

"शशिधरचा फोन आलता."

तिनं हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, "जाणार न्हवं?"

"जाणार."

"जावा. पर कुढत जाऊ नगा. ठरवून जावा."

जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवायचं, असं आमच्या कोल्हापुरात पुष्कळांना वाटतं. साफ चूक. मनाला येईल ते वाजवायचं, पण ठरलेल्या घरांत. चार मात्रांचं एक घर, अशी बत्तीस घरं. पहिली आठ, पुन्हा तीच आठ, मग चाल वळते ती तिसरी आठ, आणि शेवटी पहिल्यासारखी आठ. बत्तीस संपली की पुन्हा पहिल्या घरात. वर सॅक्सोफोनवाला कितीही हवेत उडो, खाली सगळ्यांच्या डोक्यात ही घरं चालू असतात. ती सांभाळायची जबाबदारी ड्रमवाल्याची.

शशिधर अण्णाला ती कधीच सांभाळता आली नाहीत. शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याचं पोर, बापानं हौसेनं सॅक्सोफोन आणून दिला, आणि सूर असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकावं. खोटं कशाला बोलू? पण डोळे मिटले की गडी हरवायचा. तिसऱ्या आठात चाल वळायची, आणि हा आपला मागचीच आठ घरं पुन्हा वाजवत बसायचा. मग डावा खांदा हळूच उचलायचा. तो खांदा म्हणजे मला इशारा, सावर. मी झांजेवर एक दणका द्यायचो, पियानो आणि बास गिटारवाल्यांकडं बघून मान हलवायचो, की आम्ही तिघंही मुकाट्यानं त्याच्यासोबत आठ घरं मागं जायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, वा, काय रंगवलंय! बारा वर्षं आम्ही हॉटेलांतून, क्लबांतून असं रंगवलं.

माझं मोजणं आलं कुठनं? मुरगूडच्या हंबीरराव मास्तरांकडनं. लष्कराच्या बँडमधून पेन्शनीत आलेला हा माणूस शाळेच्या बँडवर होता. परदेशी रेकॉर्डची एक ट्रंक त्यानं गावात आणली होती. ऐकायचं, घरं मोजायची, वहीत लिहायची. "हात चुकला तर माफ," मास्तर म्हणायचे, "आकडा चुकला तर पाठीत." नऊ वर्षांत मी सत्तावीस वह्या भरल्या. त्या अजून माझ्या कपाटात आहेत.

आणि माझा बाप, ज्ञानू. छप्पन साली त्यानं धम्म घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली हलगी बंद झाली. बोलावणं आलं की गळ्यात अडकवून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, ते आता होणार नाही, असं त्यानं गावाला तोंडावर सांगितलं. मी जन्मलो त्यानंतर चार वर्षांनी. हलगीला मी आयुष्यात हात लावलेला नाही. मी ड्रम शिकतोय म्हटल्यावर बापानं एकच विचारलं होतं, "वाजवायला तू तुझ्या मर्जीनं जाणार का कुणाच्या बोलावण्यानं?" मी म्हणालो, माझ्या मर्जीनं.

हे सगळं अण्णाला माहीत होतं. माझ्या घरी बसून, आक्काताईच्या हातचा तांबडा रस्सा ओरपत त्यानं ते ऐकलं होतं.

चौऱ्याण्णव साली मुंबईत मोठा महोत्सव होता. देशातले सगळे नावाजलेले वाजवणारे समोर बसलेले, आणि पियानोवर त्या दिवसापुरता एक परदेशी पाहुणा. अण्णा हरवला. खांदा उचलला. मी मान हलवली, पण पाहुण्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो बरोबर होता, आपल्या घरात नेटानं वाजवत राहिला. अण्णाला एकटा सोडायचा नाही म्हणून मी त्याच्यामागं गेलो. झालं. पियानो एकीकडं, आम्ही दोघं दुसरीकडं, नुसता कल्ला. चाल कशीबशी संपली आणि अण्णानं माइक ओढला.

"माफ करा मंडळी," तो हसत म्हणाला, "आमच्या केरबाच्या रक्तातच हलगी आहे. पण मोजायचं म्हटलं की गडबडतो."

सभागृह खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात आलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं तर त्यानं अंगणाच्या बापाचाही उद्धार केला होता. मी खोलीत त्याला विचारलं, "अण्णा, चुकलं कोण?" तर म्हणाला, "आरं, गंमत केली. मनावर काय घेतोस?"

त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. मोजता न येणारा ड्रमवाला कुणाला पाहिजे? अण्णानं मुंबईचा दुसरा ड्रमवाला धरला, मग तिसरा, मग चौथा. कुणी टिकेना. मी कोल्हापुरात परतलो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, पुढं कागलच्या एमआयडीसीत नोकरी धरली. काम काय, तर तयार झालेले सुटे भाग मोजून खोक्यात भरायचे. बावीस वर्षांत एक भाग कमी-जास्त झाला नाही. साहेब लोक कौतुक करायचे आणि मला त्या कौतुकाची शिसारी यायची.

रागाला वय नसतं. माझे केस गेले, दोन दात गेले, राग मात्र होता तसा राहिला. रोज आंघोळीला बसलो की मी त्या माइकपाशी जायचो आणि रोज नवं उत्तर द्यायचो. बादली रिकामी व्हायची, उत्तर पुरं व्हायचं नाही.

सत्काराच्या आदल्या दुपारी तालीम झाली. पियानोवर अनुजा, पंचविशीतली, कागदावर लिहिलेलं एक अक्षर न चुकवणारी मुलगी. बासवर अमरसिंह, तोही तरुण. अण्णा बहात्तरीचा, सिल्कचा झब्बा, सूर अजून तसाच मधाळ. तालमीत दोनदा हरवला. दोनदा खांदा उचलला. दोन्ही वेळा मी झांज मारली, मान हलवली, पोरांना मागं नेलं. मुद्दाम. त्याला गाफील ठेवायचं होतं.

"बघा," अण्णा पोरांना म्हणाला, "अजून तसाच हाय आमचा केरबा."

चहाला बसलो तेव्हा मी त्याला एक संधी दिली. एकच. म्हटलं, "अण्णा, चौऱ्याण्णव सालचं आठवतंय का?"

"न आठवाय काय झालं?" त्यानं बिस्कीट चहात बुडवलं. "काय हसली हुती माणसं!"

बिस्कीट खाऊन तो गाडीत बसून गेला. मी पोरांना थांबवून घेतलं.

"उद्या माझी मान हलणार न्हाय," मी म्हणालो. "कागदावर हाय तेवढंच वाजवायचं. दोन फेऱ्या, चौसष्ट घरं, की थांबायचं."

अनुजानं विचारलं, "आणि अण्णा चुकले तर?"

"चुकू द्यात."

माझं तोंड बघून तिनं कागद गोळा केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सभागृह गच्च भरलं. फेटे, शाली, नारळ, भाषणं. आक्काताई तिसऱ्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, चेहरा दगडासारखा. सत्काराला उत्तर द्यायला अण्णा उठला. गुरूंचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, अंबाबाईचं घेतलं. मग वळून माझ्याकडं हात केला.

"आनि हा आमचा केरबा. ह्याच्या रक्तातच हलगी हाय बघा. तेवढं मोजाय येत न्हाय गड्याला!"

माणसं हसली. माझ्या गावची माणसं, माझ्या ओळखीची माणसं. मी पण हसलो. इतक्या वर्षांत त्याच्या विनोदाला मी पहिल्यांदा मनापासून हसलो, कारण आता माझ्या जिवाला कसलीच टोचणी उरली नव्हती.

"एक, दोन, एक दोन तीन चार," मी म्हणालो आणि चाल सुरू झाली.

पहिली फेरी तो तरला. लोक माना डोलवत होते. दुसऱ्या फेरीत त्याचे डोळे मिटले. सोळा घरं झाली, चाल वळली, अनुजा वळली, अमरसिंह वळला, मी वळलो. अण्णा वळला नाही. तो मागचीच आठ घरं पुन्हा वाजवायला लागला.

सूर एकमेकांना टोचायला लागले आणि त्याचा डावा खांदा वर आला.

खरं सांगतो, माझी मान हलायला निघाली होती. बारा वर्षांची सवय, ती काय रागाला विचारून येते? मी दात आवळले आणि नजर समोरच्या ड्रमवर रोवली. अठरा, एकोणीस, वीस. खांदा पुन्हा वर आला, जरा जास्त. एकवीस. मी नुसता मोजत होतो. मला दुसरं काही करायचंच नव्हतं. माझा सगळा सूड म्हणजे बरोबर वाजवणं.

बत्तिसावं घर आलं. आम्ही तिघं एका दणक्यात थांबलो.

आणि अण्णा चालूच. एकटा. खाली ठेका नाही, पियानो नाही, त्या भरल्या सभागृहात एकट्या सॅक्सोफोनचा आवाज लाजिरवाणा उघडा पडला. दोन घरं, तीन घरं. मग त्यानं डोळे उघडले आणि फुंकणं थांबवलं. पहिल्या रांगेत कुणीतरी टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

पण हा गडी पक्का. त्यानं माइक ओढला. "बघितलासा पावणं? म्हनलं न्हवतं? मोजाय..."

"नाही अण्णा," अनुजा पियानोवरून म्हणाली. तिच्यापुढंही माइक होता. आवाजात राग नव्हता, शाळेत बाईंना उत्तर सांगावं तशी सांगत होती. "आम्ही बरोबर थांबलो. तुमची आठ घरं जास्त झाली."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्या क्षणी अण्णाला वाटलं असेल. तो माझ्याकडं वळला आणि माइकवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "केरबा, सांग की तिला."

अजून सावरून घे म्हणत होता, नालायक.

मी उठून उभा राहिलो. काठ्या स्टुलावर ठेवल्या. आणि हंबीरराव मास्तरांनी शिकवलेल्या आवाजात, ज्याला माइक लागत नाही, त्याची जास्तीची आठ घरं पहिल्यापासून मोजायला लागलो, दर वेळी पहिला आकडा घराचा, मागचे मात्रांचे.

"एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार. तीन, दोन, तीन, चार."

आक्काताईची बोटं पदराखाली माझ्याबरोबर मिटत होती. अण्णा सॅक्सोफोन गळ्यात घेऊन उभा होता, मान खाली, आणि त्याचा उजवा बूट आपोआप फळीवर ठेका धरत होता. पुढच्या रांगा त्या बुटाकडंच बघत होत्या.

"आठ, दोन, तीन, चार," मी म्हणालो आणि थांबलो.

त्याचा बूट आणखी दोनदा वाजला.