डावी बाजू

डॉक्टरांनी अन्नपूर्णाबाईची वरची पापणी काडीवर उलटी केली आणि आत वळलेला केस चिमट्यानं उपटला. बाईनं हूं की चूं केलं नाही.

"दुखलं नाही?"

"चुलीपाशी जन्म गेला, डाक्तरसाहेब. एका केसानं काय दुखते?"

पापण्यांच्या आत खुपऱ्या होत्या. औषध घालत राहा, नजरेला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. अन्नपूर्णाबाईनं पदरानं डोळा टिपला आणि बाकाखालचं गाठोडं पायानं जवळ ओढलं. त्यात तिची होती नव्हती तेवढी लुगडी होती आणि आईची काशाची वाटी होती. दुपारच्या मलकापूरच्या मोटारीनं ती मोताळ्याला उतरणार होती. तिथून तिचा भाऊ रामराव तिला बैलगाडीनं धामणगाव बढ्याला नेणार होता. घरी तिनं चार रोज माहेरी जाते एवढंच सांगितलं होतं. चार रोजांसाठी कुणी काशाची वाटी बांधून घेत नाही, हे नवऱ्याच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. त्याच्या ध्यानात अलीकडे येतच काय होतं?

नवरा, इंद्रभान, तिला मेहकराकडून बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन आला होता, तो बाईमाणूस मोटारीत एकटं शोभत नाही म्हणून. दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. सांगायचं ते भिंतीला सांगायचं, बैलाला सांगायचं, नाहीतर आल्यागेल्याला. बैल शहाणे. ऐकून घेत.

"त्याइले म्हणा, झालं माह्यं," ती डॉक्टरांना म्हणाली. "उठा म्हणा."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं.

इंद्रभान उठला, वळला आणि डाव्या हाताच्या तिवईवर जाऊन आदळला. पाण्याचं भांडं खणखणत दारापर्यंत गेलं.

"पाहा," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "इथं जितं माणूस दिसत नाही, तिवई कुठून दिसन!"

"मंधात काऊन ठेवता हो असं?" इंद्रभान डॉक्टरांवरच उखडला.

"मधे नव्हती ती," डॉक्टर म्हणाले. "बसा. तुमचेही डोळे पाहू."

"माह्ये? घारीची नजर हाय माही."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वर मोठी अक्षरं, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. इंद्रभाननं शाळेत म्हणायचा तशा खणखणीत आवाजात शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवली. मग ऐटीत बायकोकडे मान फिरवली, पण ती कुठं बसली आहे हे सापडायला त्याला अंमळ वेळ लागला. मुद्दाम करतात, अन्नपूर्णाबाईच्या मनात आलं.

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडेच बघायचं. माझं बोट दिसलं की सांगा."

त्यांनी त्याच्या डाव्या कानामागून हलतं बोट हळूहळू पुढं आणायला सुरुवात केली. बोट कानाशी आलं. कानशिलाशी आलं. अन्नपूर्णाबाईला ते लख्ख दिसत होतं. बोट गालाच्या हाडावर आलं तरी इंद्रभान डॉक्टरांच्या नाकाकडे भक्तिभावानं बघत बसला होता.

"अहो, सांगा ना!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय सांगू? बोट आणलं कुठी त्याइनं अजून?"

अन्नपूर्णाबाईच्या हातातला पदराचा शेव तसाच राहिला.

डॉक्टरांनी दारं लोटली, कंदील लावला. मधोमध भोक असलेला लहानसा आरसा डोळ्याला लावून त्यांनी कंदिलाचा उजेड इंद्रभानच्या बाहुलीत सोडला आणि इतके जवळ वाकले, की इंद्रभाननं श्वास धरला. मग त्याला डोळे मिटायला सांगून, बाजारात सीताफळ पिकलं का पाहतात तसे त्यांनी दोन बोटांनी दोन्ही डोळे हलकेच दाबून पाहिले.

"कडक आहेत. काचबिंदू आहे हा. आतला दाब वाढला की डोळ्यामागची शीर पोखरते. नजर कडेकडेनं खाल्ली जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून माणसाला कळत नाही."

"मले तं सारं दिसते," इंद्रभान म्हणाला. आवाजातली घार उडून गेली होती.

"दिसतंय तेवढं राखू. गेलेलं परत येणार नाही. हे थेंब घाला आणि नागपूरला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्या. आजच निघालात तर बरं."

अन्नपूर्णाबाई बाकावरून पुढं सरकली.

"साहेब, तीन वर्सांमांगं सुरू झालं असन काय हे?"

"असणारच."

"अन् डाव्या अंगानं कोणी काही देल्लं तं?"

"समोर येईपर्यंत दिसणार नाही."

तीन वर्षांपूर्वी पुतणीच्या, अंबूच्या लग्नात भरल्या मांडवात नवऱ्याला नाव घेऊन विडा द्यायची तिच्यावर वेळ आली होती. बायकोची जागा डावीकडे. ती डावीकडे उभी राहिली. 'कपाशीच्या शेतात फुटलं पांढरं बोंड, इंद्रभानचं नाव घेते, गोड करा तोंड' असं म्हणून तिनं हात पुढं केला. जन्मात पहिल्यांदा ते नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तो थोडा वेळ समोर बघत उभा राहिला आणि सरळ निघून गेला. बायका फिदीफिदी हसल्या. विडा तिच्या हातातच राहिला. त्याच संध्याकाळपासून ती बैलाशी बोलू लागली.

दोघं मोटारी उभ्या राहायच्या तिथं, लिंबाखाली येऊन थांबली. इंद्रभाननं थेंबांची बाटली दोन्ही मुठींत धरली होती. पाखरू धरावं तशी.

"अंबूच्या लग्नात," तो एकदम म्हणाला. बैलाला नाही, झाडाला नाही. "सारा मांडव पाहून राह्यला होता. मी उभा होतो वाट पाहत. तू आलीच नाही. हासल्या बायका मले."

अन्नपूर्णाबाईनं तोंड उघडलं. तीन वर्षं घोटून घोटून मुखपाठ झालेलं बोलणं ओठांशी होतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायची गरज नव्हती. इंद्रभान समोरच बघत होता. त्याच्या डाव्या गालावर माशी बसली होती.

तिनं माशी हाकलली.

"वाजंत्री लय होती तवा," ती म्हणाली. "कोणाले काही समजूनच नाही राह्यलं."

त्यानं विचार केला.

"हाव," तो म्हणाला. "वाजंत्री होती खरी."

मोटारवाला ओरडू लागला, "मोताळा! मलकापूर! कोण कुठी उतरन, आधी सांगा!"

अन्नपूर्णाबाईनं गाठोडं काखेत मारलं.

"मलकापूर," ती म्हणाली. "दोन माणसं. रेल्वेनं जाणं हाय पुढं."

मोताळ्याला रामराव बैल जुंपून उभा असणार होता. मोटार तिथं थांबेल तेवढ्यात त्याला खिडकीतूनच काहीतरी सांगावं लागणार होतं. काय, ते तोवर सुचेल.