मासोळ्या वर आल्या

“अवो, या लवकर! कशा भुकेजल्या पाहा!” जमनी शेततळ्याच्या काठावरून ओरडली आणि तिने कोंड्याची आणखी एक मूठ पाण्यात फेकली.

तिचा नवरा रामधन जमेल तितक्या घाईने आला. मासोळ्याच मासोळ्या वर येऊन तोंडे उघडमीट करत होत्या. कोंडा त्यांच्या तोंडाशी तरंगत होता. एकही खात नव्हती.

“टाकू नको! भूक नाही ते. श्वास पुरून नाही राह्यला त्यायले.”

“पान्यात राहून?”

“पान्यातली हवा सरली. आभाळ हटलं कुठी इतक्या दिवसांत?”

यापुढे त्यालाही सांगता आले नसते. दिग्रसच्या जिनिंगमध्ये उमेदीची सारी वर्षे त्याच्या छातीत कापसाची धूळ गेली होती. त्याला ती तोंडे ओळखू आली, इतकेच. शेतातली कामे आता झेपत नव्हती, म्हणून हे तळे. तेही फसले तर तांडा सोडून पुण्याला येईन, असा शब्द त्याने मुलाला, बबलूला, दिला होता.

त्याने पंपाचे बटण दाबले. लाईन नव्हती.

मग बादली घेऊन तो काठाला बांधलेला दोर धरत पाण्यात उतरला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून भरलेली बादली डोक्यापर्यंत उचलून ओतली. पुन्हा भरली.

“काय रामधनभाऊ, मासोयायले आंघोळ घालून राह्यले का?” रस्त्यावरून शेजारचा भीमसिंग हसला.

“दात कायले काढता? डीपीवर जाऊन पाहा, लाईन काहून गेली ते!” जमनी तडकली.

भीमसिंगने गाडी डीपीकडे वळवली.

रामधनचे ओठ काळेनिळे पडले होते. “बाहीर निंगा! मासोयापायी मरता का?” त्याने ऐकले नाही. तशी जमनी लुगड्यानिशी पाण्यात उतरली आणि तिने बादली हिसकली.

“वरून... उंचावरून ओत,” दोराला लटकत तो म्हणाला.

ती ओतत राहिली. काठाशी काही पांढरी पोटे तरंगत आली. हळूहळू आभाळ फाकले, पाण्यावर ऊन पडले. उघडी तोंडे एकेक करून दिसेनाशी झाली. मग पाणी नुसतेच पाणी उरले.

“गेल्या वो साऱ्या!” जमनीचा आवाज फाटला, पण हात थांबेनात.

रामधनने नकारार्थी मान हलवली. बोलण्याइतका वारा छातीत नव्हता. वाकून त्याने पाहिले. खाली, हिरव्या अंधारात, काळ्या पाठी सावकाश वळत होत्या.

त्याने तिच्या हातातून बादली घेतली, तिला वर आणले. बादली काठावर पालथी घातली, जमनीला तिच्यावर बसवले आणि स्वतः शेजारी उभा राहिला.