एका पुस्तकातल्या दोघी

दवाखान्याच्या लॅबमध्ये स्लाइड धुण्यात थोरलीची बारा वर्षं गेली. तिने धुतलेल्या स्लाइडवर रक्ताचा थेंब टाकून मशीनला डोळा लावणारी कालची पोरगी तिच्या दुप्पट पगार घ्यायची. बास झालं, म्हणाली थोरली, आणि चाळिशीत तिने संध्याकाळच्या कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या धाकट्या जावेलाही सोबत ओढलं. दोघींची फी भरतानाच घरच्यांचे डोळे पांढरे झाले. पुस्तक मग दोघींनी अर्धे अर्धे पैसे घालून एकच घेतलं.

यात वावगं काय? एका घरात राहतात, एका बाकावर बसतात, पुस्तकं कशाला हवीत दोन? धाकटी मोठ्याने वाचायची आणि थोरली भांडी घासता घासता तिच्या चुका काढायची. अख्ख्या वर्गात एवढा चोख अभ्यास कुणाचा नव्हता.

पण पुस्तक लिहिलेलं वर्गावर शिकवणाऱ्या सरांनीच, आणि सर पक्के बेरकी. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नांचं एक पान, कडेला भोकाभोकांची रेघ. त्या पानावरच उत्तरं लिहायची आणि वर्षाअखेरीला ते फाडून जमा करायचं. झेरॉक्स चालणार नाही, हाताने उतरवलेलं चालणार नाही. त्या पानांना चाळीस मार्क, आणि त्यात नापास झालं की परीक्षेला बसूच देत नाहीत. पानं फाडलेलं पुस्तक म्हणजे दात पडलेलं तोंड, पुढच्या वर्षी कोण विकत घेणार ते? म्हणजे दर वर्षी, दर माणशी एक कोरं पुस्तक. याला शिकवणं म्हणायचं की दुकान?

थोरलीने पट्टी घेऊन कोऱ्या कागदांवर हुबेहूब पानं आखली. दोघींनी आपापली उत्तरं लिहून ती नेऊन दिली. सरांनी न बघताच परत केली. पुस्तक घ्या नाहीतर वर्ष सोडा, असं भर वर्गात सुनावलं. घरी पोचेपर्यंत थोरली फणफणत होती. एक पान फाडायचं नाही, व्हायचं ते होऊ दे, असं तिने धाकटीला बजावलं.

धाकटीने मान हलवली आणि स्वतःच्या मनाचंच केलं. आठवड्याने बोर्डावर मार्क लागले. थोरलीला छत्तीस, धाकटीला शून्य. थोरली चक्रावली. तिथेच पिशवीतून पुस्तक काढून बघते तर प्रश्नांची सगळी पानं गायब. धाकटीने ती गुपचूप फाडून, दोघींनी मिळून काढलेली उत्तरं त्यांवर लिहून, वर थोरलीचं नाव टाकलं होतं.

"तुमची बारा वर्षं गेलीत, ताई," धाकटी खाली बघत म्हणाली. "माझं काय, मी बसेन पुढच्या वर्षी."

आपल्यासाठी या पोरीने मुकाट्याने मागे सरावं, याची थोरलीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. तो धाकटीवर नव्हता. तिने धाकटीचा हात धरला आणि तडक मास्तरांच्या खोलीत शिरली.

आत चार-पाच मास्तर चहा पीत बसले होते. माझी पानं जरा काढा, असं तिने सरांना सांगितलं. आता नरम पडली असेल, असं वाटून सरांनी गठ्ठा काढून दिला. थोरलीने टेबलावरचं पेन उचललं आणि एकेका पानावर, आपल्या नावाखाली, धाकटीचं नाव लिहून काढलं.

"पुस्तक दोघींचं, उत्तरं दोघींची," ती म्हणाली. "नाव तेवढं एकीचं पडलं होतं."

एका पानाचे मार्क दोघींना देता येत नाहीत, सर म्हणाले.

"अख्खे मार्क मागतंय कोण? छत्तीस दिलेत ना? अठरा हिला, अठरा मला. पास व्हायला सोळा लागतात."

असं नियमात नाही, सर म्हणाले. मग माणशी एक पुस्तक घ्यायचं, हे कुठल्या नियमात आहे ते सहीनिशी लिहून द्या, प्राचार्यांना दाखवते, असं थोरलीने सांगितलं. बाकीच्या मास्तरांचे चहाचे कप हवेत राहिले. सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि लाल पेन हातात घेतलं. पण खोडायच्या आधी थांबले.

"अहो बाई, छत्तीस म्हणजे वर्गात पहिला नंबर आहे तुमचा. अठरा घेतलेत तर शेवटच्या याल."

"दोघी मिळून येऊ शेवटच्या," थोरली म्हणाली. "खोडा."